सोयरिकीची चिठ्ठी कुणाकडे

माझा स्वभाव संशयी आहे. लोक हे कबूल करायला लाजतात, मी लाजत नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर माझा विश्वास नाही, डॉक्टर ‘काही नाही, होईल बरं’ म्हणाले की मला धडकी भरते, आणि कुणी पहिल्याच भेटीत फार गोड बोललं की मी पर्स जवळ ओढते. माझा भाऊ मला घरात सीआयडी म्हणतो. महाडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, आणि तिथे हा स्वभाव कामालाच येतो. मशीन कधी चुकत नाही असं म्हणणाऱ्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते की मशीन चुकत नाही, चुकता तुम्ही. ते फक्त तुमची चूक जपून ठेवतं.

म्हणून भाचीच्या लग्नाची चौकशी माझ्याकडे आली. भाची म्हणजे भावाची थोरली, महाडातच एका दवाखान्यात नर्स आहे. तिला एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा आवडला होता. त्याचं गाव पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अंगाला, हायवे सोडून आत. आपल्याच समाजातला, शिकलेला, निर्व्यसनी. दोघांचं ठरल्यासारखंच होतं, घरच्यांनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि आमच्या घरात बाबा गेल्यापासून हो म्हणजे माझा हो. भाऊ म्हणाला, “तू बघून घे. तू हो म्हणालीस की माझं काही नाही.” भाची म्हणाली, “आत्या, प्लीज, फार खोदू नकोस हं.”

खोदू नकोस म्हटल्यावर मी खोदणार नाही तर काय करणार?

चौकशीचं साधन माझ्याच हातात होतं. समाजाच्या शाखेनं मला एक अ‍ॅप करायला सांगितलं होतं. आपल्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न असतो, त्या गावात आपलं कोण? कुणाची मुलगी तिकडे दिली आहे, कुणाची सून तिकडची आहे, म्हणजे खरी माहिती कुणाला विचारायची? ही नाती म्हाताऱ्यांच्या डोक्यात असायची, आणि म्हातारी माणसं एकेक करून जात होती. शाखेच्या मुलामुलींनी घरोघर जाऊन कोणत्या घराची कोणत्या घराशी सोयरीक आहे ते गोळा केलं. ते सगळं फोनमध्ये बसवायचं होतं, आणि तेही फोनमध्येच, कारण त्या खोऱ्यांत रेंज नाही आणि लोकांचे फोन सुप्रभातच्या फोटोंनी भरलेले. अ‍ॅप जड झालं तर पहिल्याच दिवशी उडवतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या विषयात याला ग्राफ म्हणतात. घर म्हणजे ठिपका, सोयरीक म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मोठा तक्ता करायचा, उभी सगळी घरं, आडवी सगळी घरं, नातं असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. पण एका घराची सोयरीक असून असून किती घरांशी असणार? तक्ता जवळजवळ सगळा शून्यांनीच भरतो. फोनमधली जागा खाऊन तो तुम्हाला हेच सांगत बसतो की अमक्याचा तमक्याशी काही संबंध नाही. असा थोड्या रेघांचा ग्राफ म्हणजे विरळ ग्राफ, आणि त्याची साठवण कमीत कमी जागेत कशी करायची हा माझा आवडता विषय आहे. त्यात फुकटचं काही साठवायचं नसतं.

दुसरा मार्ग, प्रत्येक घरापुढे त्याच्या सोयऱ्यांची यादी. जागा खूप वाचते, पण प्रत्येक नातं दोनदा लिहावं लागतं, यांच्याकडे एकदा आणि त्यांच्याकडे एकदा. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली मला खपत नाही. आज ना उद्या कुणीतरी एकीकडे बदलतो आणि दुसरीकडे विसरतो, मग खरं कोणतं?

म्हणून मी तिसरा घेतला. सगळ्यांत कमी सोयरे असलेलं घर आधी उचलायचं. त्यानं आपले सोयरे आपल्या चिठ्ठीवर लिहायचे आणि बाजूला व्हायचं. ते गेल्यावर उरलेल्यांत पुन्हा सगळ्यांत कमी सोयऱ्यांचं घर शोधायचं, त्यानं उरलेल्यांपैकी आपले सोयरे लिहायचे आणि निघायचं. असं शेवटच्या घरापर्यंत. आमच्यासारख्या ग्राफची गंमत ही की त्यातला कुठलाही तुकडा घेतला तरी तो विरळच निघतो, त्यामुळे कुणाचीच चिठ्ठी लांबत नाही. गावभर सोयरे असलेल्या मोठ्या घराची पाळी येईपर्यंत त्याची बहुतेक नाती बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहून टाकलेली असतात. वर आमच्याकडे मुली फार लांब देत नाहीत. घरांना खोऱ्याखोऱ्यानं नंबर दिले की सोयऱ्यांचे नंबर जवळजवळचे येतात, आणि पूर्ण नंबराऐवजी आधीच्या नंबरापासूनचा नुसता फरक लिहिला तरी भागतं. सगळा डेटा एका फोटोपेक्षा लहान झाला. मी दोन दिवस हवेत होते.

याचा नियम एकच. दोन घरांचं नातं आहे का हे पाहायचं तर दोघांच्या चिठ्ठ्या उघडायच्या. नातं एकदाच लिहिलेलं असतं, आणि ते कुणाकडे लिहिलं गेलं हे आधी सांगता येत नाही. एकाच चिठ्ठीवर विसंबून ‘नाही’ म्हणायचं नाही. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की मुलं माझी नक्कल करतात.

तर आम्ही मुलाचं घर पाहायला गेलो, भाऊ आणि मी. घर नीटनेटकं, पुढे पडवी, मागे भाताचे वाफे. मुलाचे वडील निवृत्त शिक्षक, आई बोलकी. चहा आला, पोहे आले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. पडवीच्या कोपऱ्यात एक म्हातारी भिजवलेले वाल सोलत बसली होती. हात चालू होते, पण नजर माझ्यावर. मी बघितलं की खाली बघायची, मी मान वळवली की पुन्हा वर. मुलाच्या आजीचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता, म्हणजे आजी गेलेल्या. मग ही कोण?

मी विचारलं. मुलाची आई म्हणाली, “ती आमची घरातलीच हाय.”

“घरातली म्हणजे?”

“मोठी जाऊ माझी.”

“हो का? त्यांचं माहेर कुठलं?”

मुलाच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं चहाचा कप उचलला. तो रिकामा होता, हे मला दिसत होतं. “हितलंच, जवळचंच,” ती म्हणाली, “तुम्ही पोहे घ्या ना अजून.”

लग्नाच्या बोलणीत बाईचं माहेर लपवतात? आमच्याकडे नाव विसरतील पण माहेर आधी सांगतील. परत येताना गाडीत मी भावाला म्हटलं, “म्हातारीत काहीतरी आहे.” भाऊ म्हणाला, “म्हातारीत म्हातारपण आहे.” मी त्याच्याशी पोलादपूर येईपर्यंत बोलले नाही.

मग मी मनात एकेक शक्यता मांडली. जमिनीत म्हातारीचा हिस्सा असेल आणि वाद चालू असेल. ती जाऊ नसेलच, मुलाच्या वडिलांशी भलतंच नातं असेल आणि गावानं पांघरूण घातलं असेल. घरात वेडाचा आजार असेल आणि ते तिच्यावरून कळू नये म्हणून तिचं माहेर झाकलं असेल. यातलं काहीही निघालं तरी भोगणार माझी भाची. ती त्या घरात स्वयंपाकाला उभी राहणार, आणि पडवीत ही न सांगितलेली गोष्ट बसलेली असणार.

मी अ‍ॅप उघडलं. त्या घराचा नंबर एका बाजूला टाकला आणि दुसऱ्या बाजूला मला खात्रीची वाटणारी घरं एकेक करून टाकत गेले. नातं आहे का? नाही. आहे का? नाही. शेवटी महाडातल्या एका ओळखीच्या बाईंचं घर लागलं, त्यांची नणंद त्या भावकीत दिलेली. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी घराचं इतकं कौतुक केलं की माझा संशय आणखी वाढला. मी म्हातारीचा विषय काढल्यावर मात्र त्या थांबल्या आणि चमत्कारिक हसल्या.

“तिचं काय आम्हाला इचारता मॅडम?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला नाय ठाव?”

मला तो टोमणा वाटला. जणू मी नको तिथे नाक खुपसते आहे असं सुचवलं. मी चहा अर्धा ठेवून उठले. पोलादपूरच्या स्टँडजवळ त्या गावच्या माणसाची टपरी आहे, त्यालाही सहज विचारल्यासारखं करून पाहिलं. तो म्हणाला, “लय कष्टाळू बाई. तिनंच तर धाकट्या दिराला वाडवला.” बस, एवढंच. माहेर? तो आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या गाडीला हात करायला धावला. इकडे भाची रोज फोन करत होती. एक दिवस ती चिडून रडली. म्हणाली, “आत्या, तुला नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. पण कारण सांग.” कारण माझ्याकडे नव्हतं, आणि हो म्हणण्याइतका विश्वासही नव्हता.

तेवढ्यात कॉलेजात या अ‍ॅपची माहिती मुलांना द्यायची वेळ आली. फळ्यावर चिठ्ठ्या काढल्या, नियम सांगितला, मग पडद्यावर अ‍ॅप लावलं. आधी नातं असलेली दोन घरं दाखवली. मग म्हटलं, आता नातं नसलेल्या दोन घरांवर काय उत्तर येतं ते बघा. डोक्यात तेच घर घोळत होतं, बोटांनी तेच टाकलं. दुसऱ्या बाजूला आमचं घर टाकलं, कारण आमचं त्यांच्याशी काही नातं नाही याची मला जगात सगळ्यांत जास्त खात्री होती.

पडद्यावर आलं, सोयरीक आहे.

मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मी घसा साफ करून म्हटलं, बघा, प्रोग्रॅमवर असा आंधळा विश्वास ठेवायचा नसतो, म्हणूनच तपासणी करायची असते. स्वतःची फजितीही धडा म्हणून खपवता येते, शिक्षकाचा तेवढा एक फायदा असतो. तास संपल्यावर मी दार लावून प्रोग्रॅम तपासायला बसले. ओळ न् ओळ वाचली. चूक नव्हती. त्या घराच्या चिठ्ठीवर आमचा नंबर नव्हता. त्यांचा नंबर आमच्या चिठ्ठीवर होता. आमच्या घराला सोयरे थोडे, बाबा फटकळ, माणसं तोडायला पुढे. त्यामुळे आमचं घर फार लवकर उचललं गेलं होतं आणि आपली असतील नसतील ती नाती आपल्याच चिठ्ठीवर लिहून बाजूला झालं होतं. आमची चिठ्ठी मी कधी उघडलीच नव्हती. आपल्या घराची चौकशी कोण करतं?

तरी मी हार मानली नाही. माहिती भरणाऱ्या मुलीनं नंबर चुकवला असणार असं ठरवून तिला फोन लावला, आणि आवाजही जरा चढवला. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुमच्या घरची माहिती तुमच्या आईंनीच सांगितलीय. मी दोनदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लिही.”

आई घरीच होती, खाटेवर पाय वर घेऊन. मी चप्पलही न काढता विचारलं, “आपलं त्या गावात कोण आहे?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुझी आत्या.”

मला आत्या आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. आईनं सांगितलं ते असं. बाबांची धाकटी बहीण त्या घरात दिली होती. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. बाबा चार माणसं आणि गाडी घेऊन तिला आणायला गेले, दुसरं लग्न लावून द्यायचं मनात होतं. सासूही आधीच गेलेली, घरात दीर लहान, तिचा पदर धरून झोपणारा. ती म्हणाली, मी याला टाकून येत नाही. चार माणसांत बहिणीनं शब्द मोडला हे बाबांच्या जिव्हारी लागलं. ते रिकामी गाडी घेऊन परत आले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिचा विषय बंद झाला. आम्ही लहानपणीच गाव सोडून महाडला आलो, आणि बाबांचा राग ठाऊक असलेलं कुणी आमच्यापुढे बोललं नाही. तो लहान दीर म्हणजे मुलाचे वडील.

“मग मला सांगितलं का नाहीस? मी महिनाभर गावभर हिंडते आहे!”

“तुला सांगितलं आसतं तर तू आधी भांडान उकरलं आसतंस, मंग पुरावा मागितला आसतास,” आई म्हणाली. “तुझ्या बापाचा हट्ट तुझ्यातच उतरलाय. मला आपली पोर तुझ्या आत्याच्या घरात जायाला हवी हाय. जाऊ दे एकदा, मंग सांगनार होते.”

मला राग आला, आईचा, बाबांचा आणि त्या टपरीवाल्याचाही. त्याहून जास्त लाज वाटली. भलतंच नातं, वेडाचा आजार, काय काय मी त्या बाईला चिकटवलं होतं! हे मी कुणाला बोलले नव्हते म्हणून वाचले.

रविवारी मी एकटीच गेले. पोलादपूरला उतरून रिक्षा केली. पडवीत ती एकटीच वाल सोलत होती, मुलाची आई मागे भांडी घासत होती. मी समोर बसले. काय म्हणायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी नुसतं म्हटलं, “आत्या.”

तिनं मान हलवली, जणू मी उशिरा का होईना हजेरी दिली.

“मला आधी का नाही सांगितलं तुम्ही?”

“तू इचारलंस कुठं गो?” ती म्हणाली. “यांना इचारलंस. महाडच्या बाईला इचारलंस. टपरीवाल्याला पन इचारलंस, त्यानं येऊन सांगितलं मला. मी हितंच बसले होते. मला नाय इचारलंस.” आवाजात राग नव्हता. “मीच यांना बोलले, कोनी काय सांगू नका. त्या घरातनं कोनी आपनहून येतंय का ते बघू.”

मी तिचा हात धरला. वालांच्या पाण्यानं बोटं सुरकुतली होती. मी म्हटलं, आमचा हो आहे, भाची तुमच्या घरात येऊ दे. ते ऐकून तिनं आतल्या दाराकडे तोंड करून जावेला हाक मारली, चहा ठेव म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात विचारलं, “तुझ्या बापानं जाताना माझं नाव काढलं का?”

बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. शेवटचे दोन दिवस ते गावच्या बांधाबद्दल बोलत होते, एका जुन्या बैलाबद्दल बोलत होते. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. तशी मी खोटं बोलत नाही. दुसऱ्यांचं पकडते.

“काढलं,” मी म्हटलं. “दोनदा काढलं. बोलवा म्हणाले.”

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्यासारखीच नजर होती तिची, आता समोरून पाहताना मला ते कळलं. त्या नजरेतून काही सुटणार नव्हतं.

“खोटं बोलतेस,” ती म्हणाली.

आत कपबशा वाजत होत्या. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा माझा हात घेतला आणि म्हणाली, “असू दे. परत सांग.”

मी परत सांगितलं.